पातं खाली येताना

— नाही नाही, तुम्ही बसा काका, या वायरी मी ओढते. शेत आमचंच आहे, चिखलाची सवय आहे मला. कॉफी घ्या. केक नाहीये. म्हणजे असायचा — रुबार्बच्या आंबट देठांचा, बोडिलकाकूंच्या हातचा — ते पलीकडचं लाल कौलांचं घर त्यांचं. हल्ली येत नाहीत त्या. का म्हणजे? पवनचक्कीच्या आवाजाची तक्रार त्यांचीच ना! म्हणून तर नगरपालिकेनं तुम्हाला पाठवलं, हे शंभरेक मायक्रोफोन माझ्या बार्लीत मांडायला. पटलं हं मला तुमचं — आवाज प्रत्येकाकडे किंचित मागंपुढं पोचतो, त्यावरून तो पवनचक्कीत नेमका कुठून निघाला ते कळतं. छान. शोधा. काही सापडणार नाही.

कारण आवाज नाहीच! गावात घरोघर फिरून ही पवनचक्की घ्यायला लावली कुणी? मी. ऑरहूस शहरातलं कॉलेज संपवून गावी आले आणि म्हटलं, सगळ्यांनी मिळून घेऊ या, आपल्या दिव्यांना कोळशाचा धूर नको. सगळे हसले. आणि पहिला हिस्सा कुणी घेतला? — बोडिलकाकूंनी! आता त्याच काकू भर सभेत म्हणतात, झोप लागत नाही. मग मीही म्हटलं, काकू, कानात कापूस घाला. तेव्हाही सगळे हसले. त्या नाही हसल्या. तेव्हापासून फाटकावरून जातात, पण मान वळवत नाहीत. जाऊ दे.

आज संध्याकाळी पुन्हा सभा आहे — आवाज कमी व्हावा म्हणून पात्यांच्या मागच्या कडेला ते करवतीसारखे दाते लावायचे की नाही. घुबडाच्या पंखाला असतात म्हणे तसे. मी विरोधात. लावले म्हणजे कबूलच केलं ना, की आमच्या विजेचाही कुणाला त्रास होतो? तेलवाले, त्या तेल कंपन्या, टाळ्या पिटतील!

आणि लोकांना कळतं तरी काय? त्यांना वाटतं, वरच्या त्या डब्यातलं यंत्र गुरगुरतं. चूक! डबा गप्प. पातं वर जाताना तर चिडीचूप. इथून बघितलं की उजवीकडे, खाली येताना मात्र — फुश्श — अगदी टोकाला नाही, टोकाच्या जरा अलीकडे — फुश्श — आणि पश्चिमेचा वारा असला की उशी डोक्यावर घेतली तरी... काय झालं? असे काय बघताय? वाचलंय मी! झोपायची खोली पलीकडच्या बाजूला नेली, ती समुद्राच्या हवेसाठी. हो, खिडकी बंद असते. गार असते हवा.

आलं आवाजाचं चित्र? बघू. हा लाल डाग... उजवीकडे. टोकाच्या अलीकडे.

हं.

काका, हे छापून मिळेल? सभेसाठी — हो, सभेसाठीही, दात्यांच्या बाजूनं हात वर करीनच मी आता, होऊ दे तेलवाल्यांचं काय व्हायचं ते — पण आधी लाल कौलांच्या घरी. रुबार्बची जुडी नेते, परसात माजलंय नुसतं, रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणेन, काकू, कापूस उरला असेल तर मलाही द्या. दार लावून घेतलं तर? तर खिडकीला चिकटवीन चित्र! नाहीतर — नाही, तुम्ही काही बोलू नका. एक शब्द नको. आवाजाचं मोजमाप चाललंय ना? मग जरा गप्प बसा की हो!