कपाटाच्या दाराबाबत

पुरवणी जबाब, बुधवार, सकाळी अकरा वाजता

मी खाली सही करणार, वय ३८ वर्षे, व्यवसाय लिफ्ट दुरुस्ती, राहणार बेकरीच्या वर, दुसरा मजला, समक्ष हजर राहून जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी व दोन मुलींसह राहतो. लिफ्ट देखभालीच्या कंपनीत चौदा वर्षे मेकॅनिक आहे. या प्रकरणातील आरोपी हा कामावरचा माझा जोडीदार. मोटरला कान लावून बिघाड ओळखतो म्हणून सगळे त्याला वैद्य म्हणतात. माझा पहिला जबाब रविवारी संध्याकाळी झाला. त्यातील एक बाब खरी नाही, म्हणून मी आज आपणहून आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही.

मागच्या वर्षी लिफ्टच्या खड्ड्यात काम करताना वीज गेली आणि लिफ्ट वैद्यच्या डोक्यावर येऊन थांबली. तीन तास तो खाली उकिडवा बसून होता. इजा काही झाली नाही. तेव्हापासून तो खड्ड्यात उतरत नाही आणि लिफ्टमध्येही चढत नाही. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जिन्याने जातो. त्याच्या वाट्याचे खड्ड्यातले काम अकरा महिने मी करत होतो. याबद्दल मी त्याला कधी काही बोललो नाही.

रविवारी दुपारी साडेतीन वाजता मी, वैद्य आणि आमच्या कंपनीत स्टोअर सांभाळणाऱ्या ताई असे तिघे एस्केप रूम खेळायला गेलो. आत कोंडून घ्यायचे आणि कोडी सोडवत तासाभरात बाहेर पडायचे, असा तो खेळ आहे. जायचे मी ठरवले. वैद्य नको म्हणत होता. खोल्या मोठ्या आहेत असे मी त्याला सांगितले. मी त्या पाहिलेल्या नव्हत्या.

आम्ही 'जुने इस्पितळ' हा खेळ घेतला. मोबाइल बाहेर ठेवून घेतात. पहिल्या खोलीत केसपेपरचे टेबल, दुसऱ्या खोलीत लोखंडी खाटा आणि मळलेले पडदे होते. तिथपर्यंत वैद्य बरा होता. खाटांच्या नंबरावरून कुलपाचा आकडा त्यानेच काढला. आपण नोकरी सोडून इथेच राहू, जेवण तरी वेळेवर मिळेल, असे तो ताईंना म्हणाला.

तिसरी खोली शवागाराची होती. तिथे भिंतीला उंच, अरुंद लाकडी कपाट होते. एकाने आत जाऊन दार ओढून घ्यायचे, म्हणजे अंधारात आकडे चमकतात. ते त्याने ओरडून सांगायचे आणि दुसऱ्याने समोरच्या कुलपाला लावून पाहायचे. ताई म्हणाल्या की मी जाते. मी म्हणालो, वैद्य जाईल. वैद्यने माझ्याकडे पाहिले आणि तो गेला.

त्याने सात, चार, एक असे आकडे सांगितले. ताई कुलपापाशी होत्या, त्यांची पाठ आमच्याकडे होती. त्यानंतर वैद्य दार उघड म्हणाला. मग त्याने दारावर थापा मारल्या.

पहिल्या जबाबात मी सांगितले की दार अडकले होते व मी ते ओढत होतो. ते खोटे आहे. दार अडकले नव्हते. ते बाहेर उघडते आणि मी त्याला खांदा लावून उभा होतो. खोलीतल्या कॅमेऱ्यात माझी फक्त पाठ दिसते. ओढतोय की रेटतोय हे त्यावरून कळत नाही. मी साधारण एक मिनिट दार धरले. त्याची भीती मोडावी म्हणून धरले, असे मी स्वतःला सांगितले होते.

कपाटाला मागूनही एक दार आहे. खेळात भुताचे काम करणाऱ्या बाई तिथून येतात. थापा ऐकून त्या वैद्यला बाहेर काढायला मागच्या दाराने आत आल्या. त्यांच्या अंगावर पांढरा झगा आणि तोंडाला रंग होता. "दादा, घाबरू नका, इकडून या," असे त्या म्हणाल्या, ते मी ऐकले. वैद्यने त्यांना दोन्ही हातांनी ढकलले. त्यांचे डोके मागच्या लोखंडी चौकटीवर आपटले. तो आवाज ऐकून मी खांदा काढला.

वैद्यवर गुन्हा दाखल झाला. माझ्या जबाबामुळे एस्केप रूमच्या मालकाने कपाट बनवणाऱ्या सुताराला दोष दिला. सुतार सोमवारी आमच्या कंपनीत येऊन मला विचारून गेला की दार नेमके वरून अडकत होते की खालून. मी वरून म्हणालो.

काल दुपारी मी इस्पितळात त्या बाईंना भेटायला गेलो. डोक्याला नऊ टाके आहेत, गळपट्टीचे हाड मोडले आहे. कानामागे थोडा पांढरा रंग अजून तसाच होता. मी खेळायला आलेल्यांपैकी एक, एवढेच त्यांना ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "बिजागऱ्यांना तेल मीच घालते. शुक्रवारी घातलं होतं, पण घाईत घातलं. माझंच चुकलं असेल." मी त्यांना पाणी हवे का, विचारले. त्यांनी नको म्हटले.

तिथून मी वैद्यच्या घरी गेलो. तो दारात बसून मुलाच्या शाळेच्या बुटांना पॉलिश करत होता. दार मी धरले होते, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "माहीत आहे. तू हसत होतास. आत ऐकू येत होतं."

मग पोलिसांना का नाही सांगितलेस, असे मी विचारले.

तो म्हणाला, "तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

दुसरा बूट त्याने हातात घेतला. मला बस म्हणाला नाही. थोड्या वेळाने मी निघालो.

हा जबाब मी सांगितला तसा हवालदारांनी लिहून घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला. दार धरले तेव्हा मी हसत होतो, हे मी माझ्या तोंडाने सांगितले नव्हते, ते फक्त वैद्यच्या बोलण्यात आले होते. माझ्या सांगण्यावरून ते आता इथे लिहिले आहे. दार धरले तेव्हा मी हसत होतो. जबाब बरोबर आहे.

सही