सोनाबाईचं मत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय गोकुळदासबाब, मुख्याध्यापक महादेव सर, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आमच्या कमलाक्षीबाई, डिचोलीहून दोन बसगाड्या बदलून आलेल्या माजी विद्यार्थिनी, पालक, आणि ‘आत या’ म्हटलं तरी दाराशीच उभ्या राहिलेल्या आयाबायांनो,

सरांनी मला बाईंच्या शिस्तीवर बोलायला सांगितलं आहे. बाईंनी मात्र काल स्टाफरूममध्ये बजावलं, “देवकी, माझे गुण गाणार असशील तर मी यायचीच नाही. तुझ्या आईची गोष्ट सांग.” तेव्हा सर, आज मी बाईंचं ऐकते. इतकी वर्षं तुम्हीही तेच करत आलात!

सहासष्ट साली मी याच शाळेत आठवीत होते. बाई इतिहास शिकवायच्या. इंग्लंडातल्या बायकांनी मताच्या हक्कासाठी स्वतःला कठड्यांना साखळ्यांनी बांधून घेतलं, तुरुंगात अन्न सोडलं, तेव्हा नाकातून नळी घालून त्यांना भरवलं गेलं, हे सांगताना बाईंचा आवाज कापायचा. मी घरी जाऊन आईला सगळं सांगे. आई, सोनाबाई, शाळेची पायरी न चढलेली. ती विचारी, “आणि तवसर घरा पेज कोण शिजवी गो?” पण दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा विचारी, “त्या बायलांचां फुडे काय झालां?”

सदुसष्टच्या जानेवारीत जनमत कौल आला. गोवा वेगळा राहावा की महाराष्ट्रात जावा? मतपत्रिकेवर दोन पानांवर शिक्का की फुलावर? त्रेसष्टला गोव्याची पहिली निवडणूक झाली तेव्हा आई बाळंतीण होती, म्हणून हे तिचं पहिलंच मत. जत्रेचं लुगडं नेसून ती निघाली. वाटेत बाबा म्हणाले, “तुजां नि माजां मत काय वेगळां आसा?”

“वेगळां नाय म्हणान तुमकां कोणी सांगलां?” असं म्हणून ती माझा हात धरून पुढे चालू लागली.

बाबा पुरुषांच्या रांगेत गेले. बायकांच्या खोलीत यादी घेऊन आमच्या बाईच बसल्या होत्या. यादीत सोनाबाई दोन. बाईंनी विचारलं, “नवऱ्याचं नाव?” आमच्याकडे तेव्हा कुठली बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत होती? मागची शेजारीण म्हणाली, “ती शांतारामाची गो!” तेवढ्यावर भागलं असतं. पण बाई म्हणाल्या, “दुसरीने सांगायचं नाही. बाईने स्वतःच्या तोंडाने बोललं पाहिजे.” आईने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, नाव काही निघालं नाही. रांग खोळंबली तशी ती मागे वळली आणि मत न देता घरी आली.

फेब्रुवारीत काविळीने आई गेली. मार्चात विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा तिचं नाव अजून यादीत होतं.

बाई, नऊ वर्षांनी मी इथे शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही होऊन हा विषय काढलात. “विलायतेतल्या बायका मला पाठ होत्या गं, समोरची बाई कळली नाही,” म्हणून माझ्यापुढे रडलात. त्यानंतर दर मतदानाला मागच्या बाईने नाव सांगितलं की तुम्ही मुकाट्याने खूण करत आलात. दाराशी उभ्या असलेल्यांपैकी कितीजणी अशा मत देऊन आल्या, ते त्यांनाच विचारा.

गेल्या महिन्यात गोवा राज्य झालं. कोकणी की मराठी या वादावरून अबोला धरलेल्या शेजाऱ्यांनीही एकमेकांना पेढे दिले. त्या दिवशी मला आई फार हवीशी वाटली. बाबा अजून म्हणतात, “तिने माझ्यासारखंच मत दिलं असतं.” मला तसं वाटत नाही, पण खात्री कुठून आणू? कौलाच्या दिवशी घरी येईपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. “आई, तुला कशावर शिक्का मारायचा होता?” एवढं विचारायला किती वेळ लागला असता? इंग्लंडच्या बायकांना काय हवं होतं, ते मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. माझ्या आईला काय हवं होतं, ते मला ठाऊक नाही.

सरांचा विषय सोडून भलतीकडेच गेले, तरी तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. बाई, तुमच्यावर माझा राग कधीच नव्हता. तुम्ही निदान तिला विचारलंत तरी. मी काहीच विचारलं नाही, आणि ते माफ करणारी आता कोणी नाही.