आक्का उठून बसायची

मी मूळची निमोण्याची, शिरूर तालुक्यातली. बाप मेंढरांमागं फिरून फिरून दमला आन् तिथंच घोड नदीच्या अंगाला थोडं वावर धरून बसला, म्हंजी आम्ही शेतकरी झालो. माझं नाव झुंबर. पडद्यावर तुम्ही वाचलं ते नाव नंतर चिकटवलेलं हाय, त्या नावानं अजून कुणी हाक मारली की मीच मागं वळून बघते, कोण बाई आली म्हणून. आम्ही दोघी बहिणी. थोरली ठकू, तिला मी आक्का म्हणायची, आन् काय सांगू तुम्हाला, माझ्या साऱ्या ॲक्टिंगचं मूळ आक्काच्या मरण्यात हाय. म्हंजी खेळातल्या मरण्यात. खरं मरण औंदा आलं, ते पुढं सांगते.

आमच्याकडं रीत अशी की कुणी गेलं आन् परगावाहून बाया आल्या की त्यांनी घर दिसायच्या आधीच, गल्लीच्या तोंडापासनं मोठ्यानं रडत यायचं. नुसतं रडायचं न्हाई, मेलेल्या माणसाचं एकेक काढून सुरात बोलत यायचं. आमची आई त्यात लई पटाईत. तिनं सूर लावला की परके गडीसुद्धा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे. आम्ही पोरी तिच्या मागं मागं जायचो आन् घरी येऊन मयत-मयत खेळायचो. मेलेलं आक्कानं व्हायचं, ती मोठी ना, आन् मेलेल्याला काम नसतं. ती अंगणात घोंगडीवर आडवी, आन् मी कुडाच्या कोपऱ्यापासनं आईचं फाटकं लुगडं डोक्यावर घेऊन, हुबेहूब आईच्या सुरात, अगं माझ्या आक्काबाई, कशी गेलीस गं, आता खरवड सगळी मलाच गं!

खरवड म्हंजी दूध तापवलं की पातेल्याच्या बुडाला जे खरपूस चिकटतं ते. नदीतल्या शिंपल्यानं ते खरवडून खायचं. शिंपला आक्काच्या ताब्यात, त्यामुळं मला मिळायचं ते तिच्या बोटाला राहिलेलं. तर माझं असं रडणं ऐकलं की मेलेली आक्का उठून बसायची, म्हणायची, खाऊन तर बघ, भवाने. मग मी तिला बुकलायची, की मेलीस तर नीट मर की.

असंच एकदा चाललेलं, गावात शूटिंगवाले आलेले, आन् त्यांचे डायरेक्टर पाणी मागायला नेमके आमच्या दारात. बघतात तर पोरगी प्रेताला मिठी मारून रडतीय. बिचाऱ्यांनी हॅट काढली, मान खाली घातली. तेवढ्यात प्रेत उठलं आन् मला म्हणालं, झुंबरे, नाक पूस, पाव्हणं आल्यात. दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्यापुढं. आन् पुढची सारी उमर तिथंच.

हिरॉइन झाले तवाची मी काय पात्र होते म्हणून सांगू! निमोण्याच्या जत्रेला काळा गॉगल घालून आले, उंच टाचांची सँडल, आन् देवळापुढं पाय घातला तो सरळ शेणात. म्हणाले, शी, मला हा वास सहन होत न्हाई. जी मेंढरांच्या लेंड्यांत रांगायला शिकली, ती म्हणतीय! आक्का म्हणाली, मग असं कर, नाक हितं ठेवून जा आन् बाकीची जा मुंबईला. अख्खी जत्रा हसली. मी गाडीत जाऊन रुसून बसले, कुणी समजूत काढायला आलंच न्हाई, शेवटी उकाड्यानं जीव जायला लागला तवा आपली आपण खाली उतरले.

हिरॉइनीची वहिनी झाले, वहिनीची हिंदीतली विधवा आई झाले, मग सिरियलीत खाष्ट सासू. दौंडच्या बाजारात एका म्हातारीनं मला कोथिंबीर द्यायला नकार दिला, म्हणाली, आधी त्या पोरीला नांदवा, मग या. आता गुडघ्याच्या मलमाच्या जाहिरातीत आजी हाय मी, हसत जिना चढते, आन् खरं तर मला उंबरा चढवत न्हाई. पण सगळीकडं माझं नाव झालं ते एकाच गोष्टीसाठी, रडण्यासाठी. डोळ्यात औषध घालावं लागत न्हाई म्हणून बक्षिसं दिली लोकांनी. नवरा मेला, पोरगा मेला, सवत मेली, कुणी का मरंना, मी आईचा सूर लावायची आन् थेटर ओलं व्हायचं.

आक्का दिली वरवंडला, हायवेच्या अंगाला. तिथंच म्हातारी झाली, विधवा झाली. मी गेले की आम्ही दोघी चुलीपुढं पातेलं मधी घेऊन बसायचो, तोच निमोण्याचा शिंपला, आन् भांडण. तिची सून सुनंदा तोंडाला पदर लावून हसायची, की दोघींच्या तोंडात मिळून चार दात न्हाईत आन् भांडतात कशापायी.

मागच्या दिवाळीला आक्का बाजेवर पडून होती. मला म्हणाली, झुंबरे, तुझे सारे पिक्चर बघितले मी, सगळ्यांना एकाच सुरात रडतीस, नवऱ्याला तसंच आन् सवतीला तसंच. मला तसलं नगं. माझ्यासाठी वेगळं रड, फक्त माझं. न्हाईतर उठून बसंन, सांगून ठेवते. मी म्हणाले, गप गं. पण शब्द दिला. तो देताना मला वाटलं, त्यात काय, रडणं तर माझ्या हातचा मळ हाय.

उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला. तो सणसवाडीला कंपनीत हाय, शिफ्ट सोडून पळत आलेला, नुसता मावशी मावशी म्हणत होता. आमच्यात बाई गेली की अंगावर माहेरचं लुगडं घालतात, त्याशिवाय उचलत न्हाईत, आन् माहेरचं म्हणून आता मीच उरलेली. सारा गाव लुगड्यासाठी ताटकळत बसलेला. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवली, लुगडं छातीशी धरलं आन् उतरले. दोन्ही बाजूला माणसं, पोरांच्या हातात मोबाइल वर. एक पोरगी म्हणाली, आजी, इकडं बघा ना.

मी तोंड उघडलं. आन् काय सांगू, सूर आला! चांगला घोटलेला, आईचा, साऱ्या पिक्चरातला. आन् माझा हात आपोआप पदर कॅमेऱ्याच्या बाजूनं मागं सारायला लागला, तोंड दिसावं म्हणून. माझं मलाच कळलं आन् मी तिथंच तोंड मिटलं. मुकी चालत गेले. लुगडं पांघरलं. आक्काच्या तोंडाकडं बघत उभी राहिले, की आता हसंल, आता उठंल. खोटं सांगत न्हाई, या वयात मी वाट बघत होते. बाया मागं कुजबुजल्या, पडद्यावर नदी वाहवती आन् सख्ख्या बहिणीला टिपूस न्हाई. दुसरी म्हणाली, अगं हितं पैसे कोण देणार तिला. मी ऐकलं. ऐकून घेतलं.

दहावा झाला, तेरावा झाला, मी मुंबईला गेलेच न्हाई. काय घेऊन जाणार? दिलेला शब्द तसाच. रोज वाटायचं, आज रडू येईल. न्हाई यायचं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या मड्यांवर वाटून टाकलं, घरच्या माणसाला उरलंच न्हाई, असं वाटून मी नुसती ओट्यावर बसून असायची, सुनंदा जेवा म्हणली की जेवायची.

एक दिवस सुनंदानं दूध तापवलं, पातेलं माझ्यापुढं सरकवलं, वर शिंपला ठेवला, म्हणाली, घ्या मावशी, आता सगळी तुमचीच. पोरीच्या मनात काही नव्हतं. मी खरवडायला लागले. कोण हात मारत न्हाई, कोण शिंपला हिसकत न्हाई. बुडापर्यंत सगळी माझी. आन् घशातनं काहीतरी निघालं, सूर न्हाई काय न्हाई, दारात मांजराचं शेपूट चेंगरावं तसलं. मग उचकी, मग नाकाला धार, खरवडीत पडली ती. सुनंदा घाबरून म्हणाली, मावशी, ठसका लागला का? पाणी देऊ? एवढी मोठी नटी म्हणवणारी मी, आन् रडतीय हेसुद्धा समोरच्या बाईला कळंना! एकाही डायरेक्टरनं पास केलं नसतं.

मी बाजेकडं बघितलं. आक्का काय उठली न्हाई. म्हंजी पास झाले म्हणायचं.

आता मी हितंच हाय, वरवंडला. शूटिंगवाल्यांचे फोन येतात, रडायचा सीन हाय म्हणतात, मी सांगते, ते सरलं, मलमाचं असलं तर बघू. खरवड आता सुनंदा घासून टाकती, मला एकटीला जात न्हाई. तुम्ही एवढं बसून ऐकलंत, लिहून घेतलंत, म्हातारीकडं द्यायला दुसरं काय असणार. एवढंच म्हणते, तुमच्या पातेल्यावर कुणाचा तरी डोळा असू द्या, बाई. शेवटपर्यंत असू द्या.