लावल्या अकरा, काढल्या अकरा

...आणि बाईंच्या नजरेचा जो उल्लेख अध्यक्षांनी आत्ता एवढ्या मायेने केला, त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी रीतसर सुरुवात करते. नाहीतर म्हणाल, चार वर्षं बाईंच्या हाताखाली राहिली आणि हिला साधा नमस्कार येत नाही.

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या दवाखान्याच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापक, आपल्या सगळ्यांचे हेडसर; आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या आमच्या डॉक्टरबाई; पहिल्या रांगेत बसलेल्या हेडसरांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू; जुने पेशंट; आणि सुया दिसल्याच तर पळता यावं म्हणून अगदी दाराजवळ बसलेले नवे पेशंट! सगळ्यांना मनापासून नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्यासमोर लिहिलंय, 'नव्या पेशंटना अ‍ॅक्युपंक्चरची ओळख, पाच मिनिटं.' निरोपाच्या कार्यक्रमात ओळख! सर म्हणाले, "माणसं आयती जमलीयेत, उरकून टाक." आता सरांचा शब्द कोण मोडणार?

तर नव्या पेशंटनो, दुखतं का? हे विचारायला तुम्ही सगळे शेजाऱ्याला कोपराने ढोसताय, मला दिसतंय. सुई केसाएवढी बारीक असते, तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघते आणि एकदा वापरून फेकून देतात. टोचताना किंचित कळतं, मग तिथे जरा जडजड वाटतं, बस. तरी आमच्याकडे एक जिमचे ट्रेनर आले होते, दंड हे एवढे! पाकीट फाडल्याचा आवाज ऐकूनच "आई गं!" करून ओरडले. बाई म्हणाल्या, "अहो, मी अजून चष्मा शोधतेय."

दुसरं, बाई आधी तुमची जीभ बघतात आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघतात. तेव्हा फक्त गप्प बसायचं असतं. तेवढंच कुणाला जमत नाही. एक मावशी तर जीभ बाहेर काढलेल्या अवस्थेत सुनेचं गाऱ्हाणं सांगत होत्या. आणि खरं सांगते, बाईंना ते सगळं कळलं!

राहिलं शास्त्र. शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरलेल्या वाटांनी फिरते, आणि 'यिन' आणि 'यांग', म्हणजे गारवा आणि ऊब, विसावा आणि हालचाल, यांचा तोल गेला की दुखणं येतं, असं ही जुनी चिनी पद्धत मानते. यावर मी पाऊण तास बोलू शकते. बोललेही आहे. पेशंट पालथा असताना, म्हणजे त्याला उठून जाता येत नाही तेव्हा. बाई तेच दोन वाक्यांत सांगतात, "शरीर अडखळलंय, आपण त्याला हळूच आठवण करून देऊ. आणि आधीच्या डॉक्टरांची गोळी माझ्या भरवशावर बंद करायची नाही." झालं! हां, उपाशीपोटी यायचं नाही, आणि रक्त पातळ करायचं औषध चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील तर पहिल्यांदा ते सांगायचं. बाकी गाऱ्हाणी नंतर.

आता तिसरं, आणि हे नीट ऐका. बाई सुई लावताना आकडा मोठ्याने म्हणतात. एक... दोन... तीन. काढतानाही तसंच. मग पेशंटच्या कागदावर लिहितात, लावल्या इतक्या, काढल्या इतक्या. पेशंट हसतात, "बाई, पाढे म्हणताय का?" मीही हसायचे. एवढं ऊर्जेचं शास्त्र आणि इथे बालवाडी!

चार महिन्यांपूर्वी हेडसर पहिल्यांदा आले. मान एका बाजूला वळेना. संध्याकाळी विश्वस्तांची मीटिंग होती आणि विषय होता, सुयांची खोली बंद करावी का. म्हणजे सर त्या खोलीला शेवटची संधी द्यायला आले होते. केवढं ते मोठं मन! बाईंनी अकरा सुया लावल्या. शेवटची डोक्याच्या मधोमध, टाळूवर. त्या जागेच्या चिनी नावाचा अर्थ 'शंभर भेटी' असा काहीसा होतो. मग बाई मला म्हणाल्या, "आज सुया तू काढ."

माझी पहिली वेळ. आणि समोर साक्षात हेडसर, पालथे! अशी संधी कोण सोडेल? मी यिनपासून सुरुवात केली. यांगपर्यंत पोचले तेव्हा माझ्या हातात किती सुया होत्या, ते मला आजही माहीत नाही. कारण मी आकडे म्हटलेच नाहीत. तोंड एकच ना! कागदावर मात्र ठळक अक्षरात लिहिलं, लावल्या अकरा, काढल्या अकरा. अकराच असणार, लावल्या होत्या ना अकरा.

सर तसेच मीटिंगला गेले. केस दाट आहेत, कुणाला काही दिसलं नाही. काकूंना विचारा. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, डोक्यात अँटेना कुणी बसवली?"

काकू हसतायत. बाई खुणा करतायत, "अगं पुरे, बस खाली." नाही बाई, आज नाही बसणार.

दुसऱ्या दिवशी सर ती सुई काडेपेटीत घालून घेऊन आले. बाईंनी कागद बघितला. अक्षर माझं. माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "सर, माझ्याकडून राहिली." सर गेल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "काढताना दुसरं काही बोलायचं नाही, आकडाच म्हणायचा. आणि मोजल्याशिवाय लिहायचं नाही."

आणि मी? मी विचार केला, विसरतील सगळे. खूप अभ्यासू मुलगी आहे मी. गप्प बसायला तेवढ्या एकाच दिवशी शिकले.

कुणी विसरलं नाही. 'बाईंची नजर गेली' असं कुजबुजत कुजबुजत ते आज थेट माईकवर आलं, आणि त्यावरूनच हा निरोप. निरोपाची भेट म्हणून त्यांना आत्ता भिंग लावलेला टेबललॅम्प दिलाय. आणि उद्यापासून खोली कुणाकडे? नजर तीक्ष्ण आहे म्हणून माझ्याकडे!

सर माझ्याकडे वळून बघतायत. बघा ना, मान किती छान वळतेय! चार महिन्यांपूर्वी वळत नव्हती. लावणाऱ्या हाताने बरी केली, काढणाऱ्या हाताने घोटाळा केला. शिक्षा मात्र लावणाऱ्याला.

सर, तो लॅम्प माझा आहे. बाईंच्या हातातून काढून मला द्या.

पाच मिनिटांची वीस झाली, त्याबद्दल माफी. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. चार महिने बोलले नाही, ते घालू नका. आयोजकांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि अजून न पळालेल्या नव्या पेशंटचे खूप खूप आभार. आणि आता तुम्हीच सांगा, हात वर करून सांगा, सरांनाही दिसू द्या: उद्या सकाळी तुम्ही पालथे असताना, सुया मोजायला तुम्हाला कोण हवंय?