रुमाल टाकलेली खुर्ची

जहाजावरच्या पोहण्याच्या तलावाकाठी, माझ्या पाठीमागे एका गृहस्थांचं आणि एका बाईंचं जुंपलं होतं.

"अहो, हा रुमाल कुणाचा?"

"आमच्या ह्यांचा."

"सकाळपासून बघतोय, कुणी फिरकलेलं नाही. रुमाल टाकून जागा धरायला ही काय बस आहे?"

"ह्यांची सवयच ती. कुठेही जायचं तर मी सामान घेऊन मागे, आणि हे पुढे पळून रुमाल टाकणार."

"मग आता कुठे आहेत?"

"आताही पुढेच गेले. तिकिटं मात्र दोघांची काढून ठेवली होती... थांबा, उचलते. बसा तुम्ही."

"नको, नको. राहू द्या."

थोड्या वेळाने तिसरंच कुणीतरी आलं.

"ही खुर्ची रिकामी आहे का हो?"

गृहस्थच खेकसले, "रुमाल टाकलेला दिसत नाही का?"