समोरचे काय म्हणतील

सभेचे अध्यक्ष सरपंच भगवानराव, पंचायत समितीहून आलेले पाहुणे, मंचावरचे व्यंकटराव, ज्यांना निरोप द्यायला जमलो ते आपले ग्रामसेवक दिनकरराव भाऊसाहेब, आणि खाली बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, सगळ्यांना सरजाबाईचा जय भीम.

मला सांगितलं, दोन शब्द बोला आन् हार घाला. शाळा माझी दुसरीपर्यंतची, तवा दोनाचे चार झाले तर सांभाळून घ्या.

भाऊसाहेबांसारखा अर्ज लिहिणारा मी पाहिला न्हाई. दुष्काळाच्या साली गावाला एक बोअर मंजूर झाला. तो बौद्धवाड्यात व्हावा म्हणून आमी पंधरा बायका यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. मी म्हणाले, "लिहा, पाणी न्हाई." हे हसले. "सरजाबाई, रडून अर्ज होत नसतो. समोरचे काय म्हणतील ते आधी सांगा, म्हणजे त्याला तोड लिहितो."

केवढी हुशारी. मी समदं सांगितलं. नाल्यात झरा हाय, पण होळीलाच आटतो. बायकांना अर्धा कोस चालायची सवय हाय, पण केशरबाई नवव्या महिन्यात हंड्यासकट पडली. खडक हाय, पण वरवरचा. त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं. लय चांगलं वाटलं. आमी अंगठे उठवले.

मग साहेब चौकशीला आले. चावडीत त्यांनी आणखी एक अर्ज वाचला, व्यंकटरावांच्या मळ्याजवळ बोअर मागणारा. "सदर वस्तीस झऱ्याचे पाणी आहे. तेथील स्त्रियांस अंतराची सवय आहे. जमीन खडकाळ आहे." माझंच बोलणं, निम्म्यातून कापलेलं. केशरबाई त्यात कुठंच नव्हती.

मी भाऊसाहेबांकडं पाहिलं. हे चष्मा पुसायलते. मागून विचारलं तर म्हणाले, "बाई, जो येईल त्याचा अर्ज लिहावा लागतो. कामच हाय माझं." असेल. पण आमच्या मनातलं मी एकाच माणसाला सांगितलं होतं ना? व्यंकटराव, तुमी कशाला खाली पाहता? तुमी मागितलं, तुमाला मिळालं. मी बोलायले ते यांच्याशी.

आता दुसरा बोअर आलाय. साहेब सोमवारी येणार, आणि फायलीत तोच कागद आडवा पडलाय. झरा, सवय, खडक. माझ्या लेकीनं, सत्यशीलानं नवा अर्ज लिहिलाय, सातवीत हाय ती. खाली एका ओळीची जागा सोडलीय. भाऊसाहेब, तिथं लिहा, "मळ्याजवळच्या बोअरचा तो जुना अर्ज माझ्या हातचा, आणि अर्धाच खरा." खाली सही करा. पाहुणे बसलेच हायत, त्यांच्याच हातात देऊ.

मला बोलू दिलं, सभेचे आभार मानते. भाऊसाहेब, बदलीच्या गावी, चुडाव्याला सुखानं राहा. कुणाला काही लागलं असेल तर अडाणी बाई म्हणून पोटात घाला.

पेन तुमच्या खिशालाच हाय, भाऊसाहेब. लिहा लवकर, हार सुकायलाय.