फाटक्या कानाची शेळी

अरे, मी कन्नड तालुक्यातल्या धनगराचा पोरगा, अन् मलाच शेळ्या दाखवून फसवतात व्हय! परदेशी मदतीची तपासणी करायला आफ्रिकेतल्या एका देशात गेलो होतो. नदीच्या अलीकडं एका गटाचं गाव, पलीकडं दुसऱ्याचं, अन् मधी गोळीबार. मदतीच्या शेळ्या दोन्ही गावांना दिलेल्या.

सकाळी अलीकडच्या बघितल्या. जेवून पलीकडं गेलो, तर तीच फाटक्या कानाची काळी शेळी माझा खिसा हुंगायला लागली! सकाळी मीच तिला बिस्कीट चारलं होतं. अंग अजून ओलं.

तिथला म्हातारा घाबरला. दुभाष्यामार्फत म्हणाला, "आमच्या शेळ्या बंदूकवाल्यांनी खाल्ल्या, साहेब. मदत बंद पडंल म्हणून त्या काठच्या गावानं ह्या उसन्या दिल्या."

"दुश्मनांनी?"

"दुश्मनी पुढाऱ्यांची हाय."

मी तिथंच अहवाल लिहिला: 'शेळ्या ठणठणीत. फक्त नदीवर पूल बांधून द्या, बिचाऱ्यांना लई पोहावं लागतंय.'